मोटारगाडीचे रंगसंरक्षण : मेण व सीलंट

मोटारगाडीच्या बाह्य पत्र्यावरील रंगलेपाची चकाकी टिकावी आणि ऊन, पाऊस, धूळ, लवणे व पक्ष्यांची विष्ठा यांपासून त्याचे काही अंशी रक्षण व्हावे म्हणून त्यावर पातळ व पारदर्शक असा जादा थर देतात. हा थर कालांतराने झिजून जातो व पुन:पुन्हा द्यावा लागतो. त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या पदार्थांचे दोन मुख्य वर्ग आहेत : (१) नैसर्गिक मेणांवर आधारलेले लेप आणि (२) संश्लेषित (कृत्रिम रीतीने तयार केलेल्या) बहुवारिकांवर म्हणजे अनेक लहान रेणू जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांवर आधारलेले लेप. दुसऱ्या वर्गातील लेपांना व्यवहारात सीलंट म्हणतात. यांपैकी कोणता लेप निवडावा, हे गाडी कोठे उभी राहते, ती किती वेळा धुतली जाते, तिचा रंगलेप कोणत्या प्रकारचा व किती जुना आहे आणि मालक देखभालीसाठी किती वेळ व पैसा खर्च करू शकतो, यांवर अवलंबून असते.

बाजारात या सर्वच पदार्थांना सरसकट ‘पॉलिश’ म्हणण्याची प्रथा आहे. तथापि काटेकोर अर्थाने पॉलिश म्हणजे अपघर्षक (घासून झिजविणारे) कण असलेला पदार्थ होय. तो रंगलेपाचा वरचा खराब झालेला भाग खरवडून काढतो, म्हणजेच तो रंगलेप कमी करतो. मेण व सीलंट हे त्याउलट रंगलेपावर काही तरी वाढवितात. हा भेद लक्षात न घेतल्याने रंगलेपाचे रक्षण करण्याच्या हेतूने तोच हळूहळू झिजविला जातो, असे पुष्कळदा घडते.

रंगलेपाची रचना : पहिल्या मोटारगाड्यांना घोडागाड्यांप्रमाणेच तेलयुक्त रंग व रोगण यांचे अनेक हात देत. ते वाळण्यास कित्येक आठवडे लागत. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या गाडीसाठी भट्टीत लवकर वाळणारे काळे डांबरयुक्त रोगण वापरण्यात आले व १९१४ ते १९२५ या काळात ती गाडी केवळ काळ्या रंगातच मिळत असे. ड्यू पाँट कंपनीने तयार केलेले नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीवर १९२४ सालच्या नमुन्यांपासून वापरण्यात आले. त्यामुळे वाळण्याचा काळ काही तासांवर आला व विविध रंगांच्या गाड्या मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले. पुढे अल्किड एनॅमले आणि १९५० नंतरच्या दशकात अॅक्रिलिक लॅकरे प्रचारात आली.

या जुन्या पद्धतींत रंगद्रव्य असलेला थर हाच सर्वांत वरचा थर असे. त्यामुळे उन्हाने बंधक द्रव्याचा ऱ्हास झाला की, रंगद्रव्याचे कण सुटे होत व पृष्ठभागावर खडूच्या भुकटीसारखा थर जमे. बोट फिरविताच रंग बोटाला लागे. अशा गाड्यांना वारंवार घासून मेण लावणे ही चैन नसून आवश्यक देखभाल होती. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून रंगीत थरावर स्वतंत्र पारदर्शक लेप देण्याची पद्धत रूढ होत गेली आणि ती आता जवळजवळ सार्वत्रिक झाली आहे. आधुनिक गाडीच्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटाची प्रक्रिया करतात. त्यावर विद्युत् निक्षेपणाने (विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने) बसविलेला सु. २० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = १/१,००० मिमी.) जाडीचा गंजरोधक थर, त्यावर अस्तर लेप, मग १०–२० मायक्रोमीटर जाडीचा रंगीत लेप व शेवटी ३५–५० मायक्रोमीटर जाडीचा पारदर्शक लेप असे थर असतात. या सर्वांची एकूण जाडी सामान्यत: १००–१४० मायक्रोमीटर भरते. ही जाडी साधारण एखाद्या जाडसर कागदाइतकीच आहे.

रंगलेपाचा ऱ्हास : रंगलेप अनेक कारणांनी खराब होतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांमुळे बहुवारिकांच्या रेणूंतील बंध तुटतात व हवेतील ऑक्सिजनाशी त्यांची विक्रिया होते. यास प्रतिबंध करण्यासाठी पारदर्शक लेपातच जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये व विक्रियाशील तुकड्यांना निष्प्रभ करणारी स्थिरकारक अमाइने मिसळलेली असतात. ही द्रव्ये संपत आली की, लेप पिवळट व ठिसूळ होतो आणि अखेरीस त्याचे पापुद्रे सुटतात.

कारखान्यांचा धूर व वाहनांतून बाहेर पडणारे वायू यांमुळे पावसाचे पाणी अम्लीय होते. असे पाणी पत्र्यावर वाळताना अम्लाची संहती (प्रमाण) वाढत जाते आणि उष्णतेमुळे लेपावर कायमचे डाग व खळगे पडतात. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे उन्हाळ्यात रंगविलेले पत्रे उघड्यावर ठेवून अशा झिजेची चाचणी घेण्याचा मोटार-उद्योगातील प्रघात याच कारणामुळे पडला आहे. पक्ष्यांच्या विष्ठेचे कार्य काहीसे निराळे असते. तिच्यातील एंझाइमे लेपाच्या बहुवारिकावर रासायनिक परिणाम करतात. शिवाय उन्हात तापून मऊ झालेला लेप थंड होताना वर वाळून घट्ट बसलेल्या विष्ठेचा ठसा घेतो व तेथील चकाकी जाते. झाडांचा चीक, कीटकांचे अवशेष, डांबराचे शिंतोडे, रेल्वेमार्गालगत उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण आणि समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारी लवणे हीही हानिकारक असतात. मात्र दैनंदिन वापरात सर्वाधिक दिसणारी हानी माणसाच्या हातून होते. कोरड्या फडक्याने धूळ पुसताना तिच्यातील वाळूचे कण लेपावर ओढले जातात व असंख्य बारीक ओरखडे पडतात. दिव्याच्या प्रकाशात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार दिसतात.

मेण : रंगसंरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक मेणांत कार्नोबा मेण सर्वांत महत्त्वाचे आहे. ते ब्राझीलच्या ईशान्येकडील पियाउई, सेआरा, रीओ ग्रांदे दो नॉर्ते इ. राज्यांत वाढणाऱ्या कोपर्निशिया प्रूनिफेरा या ताडाच्या पानांपासून मिळते. कोरड्या ऋतूत पानांतून पाण्याचे बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून निसर्गत: पानांवर मेणाचा थर असतो. पाने कापून वाळवितात व ती झोडपून किंवा यंत्रात घालून मेणाची भुकटी वेगळी करतात. नंतर ती वितळवून व गाळून तिच्या वड्या पाडतात. कोवळ्या पानांपासून मिळणारे फिकट पिवळे मेण उत्तम प्रतीचे मानतात. अमेरिकेतील एस. सी. जॉन्सन या मेण-उत्पादक कंपनीचे प्रमुख हर्बर्ट एफ. जॉन्सन (धाकटे) यांनी १९३५ मध्ये जमिनीवर व पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानातून ब्राझीलचा दौरा करून या ताडांची पाहणी केली होती. या उद्योगाच्या दृष्टीने कार्नोबाचे महत्त्व किती होते, हे यावरून दिसून येते.

रासायनिक दृष्ट्या कार्नोबा मेण हे मुख्यत्वे दीर्घ शृंखला असलेली वसाम्ले व अल्कोहॉले यांच्या एस्टरांचे मिश्रण असून त्यात सुटी अल्कोहॉले व दालचिनी अम्लाशी संबंधित एस्टरेही असतात. त्याचा वितळबिंदू ८२°–८६° से. असून नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण गणले जाते. तुलनेने मधमाश्यांच्या मेणाचा वितळबिंदू ६२°–६४° से. आहे. मेक्सिकोतील कँडेलिला मेण, लिग्नाइट कोळशापासून मिळणारे माँटन मेण व खनिज तेलापासून मिळणारे पॅराफीन मेण यांचाही उपयोग करतात. साखर कारखान्यांत उसाच्या रसाच्या शुद्धीकरणानंतर जो गाळ उरतो व ज्याला तेथे प्रेसमड म्हणतात, त्यातूनही एक कठीण मेण काढता येते व ते कार्नोबाला पर्याय म्हणून पॉलिशांत वापरण्यात आले आहे.

शुद्ध कार्नोबा इतके कठीण व ठिसूळ असते की, ते हाताने पत्र्यावर पसरविता येत नाही. त्यामुळे बाष्पनशील खनिज विद्रावक, तेले, मऊ मेणे व पुष्कळदा सिलिकोन तेल यांच्याशी मिसळून त्याचा मलम वा पायस बनवितात. यामुळे डब्यातील एकूण पदार्थात कार्नोबाचा अंश मर्यादितच असतो. वेष्टनावर ‘शंभर टक्के कार्नोबा’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ वापरलेले मेण केवळ कार्नोबा आहे एवढाच होऊ शकतो. संपूर्ण डबा कार्नोबाचा आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. लेप लावल्यावर विद्रावक उडून जातो आणि मेण व तेल यांचा धूसर थर मागे राहतो. तो मऊ फडक्याने पुसला म्हणजे उरलेला अतिशय पातळ थर पृष्ठभागास चिकटून राहतो. हे चिकटणे मुख्यत: भौतिक स्वरूपाचे असते, त्यात रासायनिक बंध निर्माण होत नाहीत.

मेणाच्या थराने सूक्ष्म ओरखडे काही प्रमाणात भरून निघतात. त्यामुळे प्रकाशाचे प्रकीर्णन (विखुरणे) कमी होते व रंग अधिक गडद आणि सखोल दिसतो. काळ्या, तांबड्या व गडद निळ्या गाड्यांवर हा परिणाम विशेष जाणवतो. प्रदर्शनात मांडावयाच्या व जुन्या दुर्मिळ गाड्यांचे मालक अद्यापि मेणास पसंती देतात, ती मुख्यत: या दृश्य गुणामुळे. मेण लावणे सोपे असते, चूक झाल्यास ते सहज काढता येते व ते लावल्यानंतर पक्व होण्यासाठी फार थांबावे लागत नाही. अल्पायुष्य हा त्याचा मोठा दोष होय. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ७०° से. किंवा त्याहून अधिक तापू शकतो. शुद्ध कार्नोबा या तापमानास वितळत नाही, परंतु त्यात मिसळलेली मऊ मेणे व तेले या तापमानास मऊ होतात, धूळ धरून ठेवतात व हळूहळू निघून जातात. तीव्र क्षारीय प्रक्षालकांनी धुतल्यासही मेण निघून जाते. त्यामुळे मेणाचा लेप काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत टिकतो, असे सामान्यत: धरून चालतात.

सीलंट : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिलिकोनांचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले व त्यानंतर लवकरच ती मोटार पॉलिशांत वापरली जाऊ लागली. सिलिकोनांच्या रेणूंचा कणा सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंचा असून त्यास मिथिल गट जोडलेले असतात. यामुळे त्यांची पृष्ठ-ऊर्जा फार कमी असते, ती सहज पसरतात, चटकन चमक आणतात व उष्णतेने लवकर बिघडत नाहीत. साधे सिलिकोन तेल पृष्ठभागास चिकटून राहत नाही. परंतु त्याच्या शृंखलेत अमाइन गट बसविले म्हणजे हे गट रंगलेपास पकडून ठेवतात, रेणू एकमेकांशी आडबंधांनी जोडले जातात आणि धुण्याने सहज न निघणारा थर तयार होतो. आधुनिक सीलंटांत अशी विक्रियाशील सिलिकोने, अॅक्रिलिक बहुवारिके व इतर रेझिने यांची निरनिराळी मिश्रणे असतात. ती द्रवरूप वा पातळ मलमाच्या रूपात मिळतात.

सीलंट लावल्यानंतर विद्रावक उडून जाणे व आडबंध तयार होणे या दोन्ही क्रिया पूर्ण व्हाव्या लागतात. त्यासाठी काही तासांपासून एका दिवसापर्यंत अवधी लागतो. या काळात पृष्ठभागावर पाणी पडल्यास लेप कच्चा राहतो. नीट पक्व झालेला सीलंट साधारणपणे चार ते सहा महिने टिकतो. तो उष्णता व प्रक्षालक यांना मेणापेक्षा अधिक दाद देत नाही. रंगाच्या दृष्टीने त्याचा परिणाम मेणापेक्षा किंचित निराळा असतो. मेणाने रंग उबदार व ओलसर दिसतो, तर सीलंटाने चकाकी अधिक टणक व आरशासारखी दिसते, असे वर्णन जाणकार करतात. पांढऱ्या व रुपेरी गाड्यांवर हा फरक फारसा दिसत नाही.

सिलिकोनयुक्त पदार्थांचा एक तोटा रंगकाम करणाऱ्यांना विशेष जाणवतो. पत्र्यावर सिलिकोनाचा लवलेश जरी राहिला, तरी पुन्हा रंग फवारताना त्या जागी रंग बाजूला सरून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. म्हणून गाडी पुन्हा रंगविण्यापूर्वी योग्य विद्रावकाने पृष्ठभाग पूर्णपणे स्वच्छ करणे आवश्यक असते आणि रंगशाळेत सिलिकोनयुक्त पदार्थ वापरण्याचे टाळतात.

टेफ्लॉन व सिरॅमिक लेप : पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन म्हणजे टेफ्लॉन या नावाने ओळखले जाणारे बहुवारिक रॉय प्लंकेट यांनी १९३८ मध्ये शोधून काढले. त्यास काहीही चिकटत नाही, या ख्यातीमुळे ते असलेली मोटार पॉलिशे पुढे बाजारात आली. भारतात ‘टेफ्लॉन कोटिंग’ हा शब्द गाड्यांच्या विक्रीकेंद्रांत रूढ झाला आहे. परंतु या पदार्थाचा वितळबिंदू सु. ३२७° से. असून स्वयंपाकाच्या तव्यावर त्याचा अखंड थर बसविण्यासाठी त्याहून अधिक तापमानास तो भाजावा लागतो. रंगविलेल्या गाडीस एवढे तापविणे अशक्य आहे. म्हणून पॉलिशातील त्याचे सूक्ष्म कण लेपात केवळ विखुरलेले राहतात. अशा पदार्थाचे संरक्षक गुण प्रत्यक्षात त्यातील मेण, सिलिकोन वा इतर बहुवारिके यांवरच अवलंबून असतात. नावाकडे पाहून जादा किंमत देण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेणे हितावह ठरते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ‘सिरॅमिक कोटिंग’ या नावाचे लेप प्रचारात आले. त्यांत हवेतील बाष्पाशी विक्रिया पावून सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे दाट जाळे तयार करणारी द्रव्ये असतात. हे जाळे रंगलेपास रासायनिक बंधांनीही जोडले जाऊ शकते. ते एक ते काही वर्षे टिकतात आणि रसायनांना चांगला विरोध करतात. मात्र त्यांची किंमत जास्त असून पूर्वतयारीत चूक झाल्यास ती लेपाखाली तशीच राहते व लेप घासूनच काढावा लागतो. त्यांच्या जाहिरातींत दिली जाणारी ‘९ एच’ ही कठिनता पेन्सिलींच्या श्रेणीवरील आहे. या चाचणीत वाढत्या कठिनतेच्या पेन्सिलींनी लेपावर रेघ ओढून पाहतात. खनिजांसाठी वापरल्या जाणाऱ्या मोस मापक्रमाशी, ज्यात हिऱ्याची कठिनता १० आहे, तिचा संबंध नाही. त्यामुळे असा लेप दिलेल्या गाडीवर ओरखडे उठतच नाहीत, ही समजूत चुकीची आहे.

संरक्षणाचे स्वरूप व मर्यादा : नव्या लेपावर पाण्याचे मोत्यांसारखे थेंब उभे राहतात. पाण्याचा पृष्ठताण २०° से. तापमानास सु. ७३ मिलिन्यूटन प्रती मीटर आहे, तर मेण व सिलिकोन यांची पृष्ठ-ऊर्जा २० ते ३० च्या दरम्यान असते. यामुळे पाणी पसरत नाही व थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा स्पर्शकोन ९०° हून अधिक राहतो. थेंब ओघळताना सुटी धूळ बरोबर नेतात व गाडी धुण्यास सोपी जाते, हा खरा फायदा होय. तथापि थेंब उभे राहणे हा गुण सर्वांत वरच्या रेणूंपुरता असतो. त्यावरून लेप किती जाड वा टिकाऊ आहे, हे ठरत नाही. याउलट सपाट जागी उभे राहिलेले थेंब तेथेच वाळले, तर त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे एका जागी साचून पांढरी वर्तुळे उमटतात. थेंब भिंगासारखे कार्य करून रंग जाळतात, असा समज आहे. परंतु दिसणारे डाग बहुतांशी या लवणांचे व थेंब आटताना त्यात वाढणाऱ्या अम्लाचे असतात.

लेपाच्या जाडीचा विचार केल्यास त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात. मेण वा सीलंट यांचा पुसल्यानंतर उरणारा थर सामान्यत: १ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. गाडीचा रंगविलेला बाह्य पृष्ठभाग १० चौ. मी. व थराची जाडी अर्धा मायक्रोमीटर धरल्यास सबंध गाडीवर राहणारे द्रव्य केवळ ५ घ. सेंमी. म्हणजे एका चहाच्या चमच्याइतके भरते. किरणांचे शोषण थराच्या जाडीवर अवलंबून असल्याने एवढा पातळ थर जंबुपार किरण फारसे अडवू शकत नाही. ते कार्य त्याहून कित्येक पटींनी जाड असलेला पारदर्शक लेपच करतो. तसेच दगडांच्या माऱ्यापासून वा किल्लीच्या ओरखड्यापासूनही हे लेप वाचवू शकत नाहीत. विष्ठा, चीक, अम्लीय पाणी व लवणे यांचा रंगलेपाशी थेट संपर्क टाळून ती धुऊन काढण्यास अवधी मिळवून देणे, हे त्यांचे मुख्य कार्य होय. हा अवधी तासांचा असतो, आठवड्यांचा नव्हे. म्हणून लेप कोणताही असला, तरी विष्ठा शक्य तितक्या लवकर धुऊन काढावी लागते.

यांखेरीज लेपाचा एक अप्रत्यक्ष फायदा आहे. पृष्ठभाग निसरडा झाल्याने धुताना घर्षण कमी होते, ओरखडे कमी पडतात व अपघर्षक पॉलिश वरचेवर करावे लागत नाही. यंत्राने तीव्र घासकाम केल्यास एका खेपेस पारदर्शक लेपाचे सु. २–३ मायक्रोमीटर जाऊ शकतात. ४० मायक्रोमीटर जाडीच्या लेपातून वर्षातून दोनदा ३ मायक्रोमीटर याप्रमाणे पाच वर्षे काढल्यास अवघे १० मायक्रोमीटर शिल्लक राहतील. अशा लेपातील जंबुपार किरण शोषणारे द्रव्यही त्याच प्रमाणात कमी झालेले असते आणि तो उन्हात फार काळ तग धरू शकत नाही. गाडीची दीर्घकालीन शोभा या दृष्टीने मेण वा सीलंट यांतील निवडीपेक्षा वारंवार घासण्याचे टाळण्यावर अधिक अवलंबून असते.

पूर्वतयारी व लेपन : लेप लावण्यापूर्वी गाडी भरपूर पाण्याने व सौम्य प्रक्षालकाने धुऊन कोरडी करतात. धुतल्यावरही बोटांना खरखरीत लागणारे कण रंगसफाईच्या मातीने म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ, कृत्रिम गोळ्याने पृष्ठभाग ओला ठेवून उचलून घेतात. ओरखडे फार असतील, तरच सौम्य पॉलिश करतात. सीलंटास स्वच्छ पृष्ठभाग अत्यावश्यक असतो. जुने मेण वा पॉलिशातील तेल राहिल्यास तो रंगलेपास धरत नाही. मेण या बाबतीत अधिक सोशिक आहे. लेपन नेहमी सावलीत व पत्रा थंड असताना करतात, कारण तापलेल्या पत्र्यावर विद्रावक चटकन उडून जातो व लेप डागाळतो. थर शक्य तितका पातळ देतात, कारण जाड दिलेले द्रव्य शेवटी पुसूनच टाकावे लागते. दोन्ही लेपांचे गुण हवे असल्यास प्रथम सीलंट देऊन तो पक्व झाल्यावर त्यावर मेण लावतात. उलट क्रम ठेवल्यास सीलंट मेणावर बसतो व मेणाबरोबरच निघून जातो.

अपघातानंतर दुरुस्तीशाळेत नव्याने रंगविलेल्या भागावर एक ते तीन महिने मेण वा सीलंट लावू नये, असे रंगनिर्माते सामान्यत: सुचवितात. कारण कमी तापमानास वाळविलेल्या रंगातील विद्रावक त्या काळात हळूहळू बाहेर पडत असतो. कारखान्यात भट्टीत पक्व झालेल्या नव्या गाडीच्या रंगास ही अडचण नसते. चकाकीविरहित (मॅट) रंगावर चमक आणणारे नेहमीचे मेण लावल्यास त्यावर चकाकणारे चट्टे पडतात. त्यासाठी खास पदार्थ वापरावे लागतात.

निवड : वरील गुणदोष पाहता निवडीची काही सर्वसाधारण सूत्रे सांगता येतात. जी गाडी रोज वापरली जाते, उघड्यावर उभी राहते व जिच्या देखभालीस वर्षातून दोन-तीनदाच वेळ देता येतो, तिच्यासाठी सीलंट अधिक योग्य होय. जी गाडी छपराखाली राहते, जिचा रंग गडद आहे व जिच्या मालकास दर महिन्या-दोन महिन्यांनी लेप देण्याची हौस आहे, तिच्यावर मेण अधिक खुलते. पारदर्शक लेप नसलेल्या जुन्या गाडीचा रंग कोरडा व फिकट पडला असल्यास अतिशय सौम्य पॉलिश व त्यावर तेलांश असलेले मेण यांचा चांगला परिणाम दिसतो. सिरॅमिक लेपाचा खर्च नवी गाडी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यासच सार्थ ठरतो. पारदर्शक लेपाचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर यांपैकी कोणत्याही लेपाचा उपयोग होत नाही व भाग पुन्हा रंगविणे एवढाच उपाय उरतो. खर्चाची तुलना करताना डब्याच्या किंमतीबरोबर लेप वर्षातून किती वेळा द्यावा लागेल, हेही मोजावे लागते. स्वस्त मेण वर्षातून सहा वेळा व महाग सीलंट दोन वेळा लावल्यास द्रव्याचा खर्च पुष्कळदा सारखाच येतो, श्रम मात्र मेणास तिप्पट पडतात.

भारतीय परिस्थिती : भारतात तीव्र ऊन, दीर्घ पावसाळा व धूळ ही तिन्ही एकाच वर्षात अनुभवास येतात. मुंबई, कोकण व गोवा या किनारी भागांत खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळे मेण लवकर निघून जाते. तेथे पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात सीलंट देणे व पावसाळा संपताच गाडी स्वच्छ करून तो पुन्हा देणे सोयीचे ठरते. कोकणातील जांभ्या दगडाची तांबडी धूळ पांढऱ्या गाडीवर ओली होऊन बसली की, तिचे डाग सहजी जात नाहीत. निसरड्या लेपावरून मात्र ती लवकर सुटते. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी विंधण विहिरींचे पाणी जड असते. अशा पाण्याने गाडी धुतल्यावर ती उन्हात वाळू न देता लगेच पुसून कोरडी करणे, हे कोणत्याही लेपाइतकेच महत्त्वाचे आहे. शहरांत गाड्या बहुधा झाडाखाली उभ्या करतात. सावलीमुळे उष्णता टळते, पण चीक व विष्ठा यांचा उपद्रव वाढतो. रोज सकाळी कोरड्या वा एकाच बादलीतील गढूळ पाण्यात बुडविलेल्या फडक्याने गाडी पुसण्याची जी सर्वत्र रूढ पद्धत आहे, तिच्यामुळे मात्र उत्तम लेपही थोड्याच दिवसांत झिजतो व ओरखडे पडतात. प्रथम पाणी ओतून धूळ वाहू देणे, मग स्वच्छ व मऊ फडका वापरणे आणि तो वरचेवर दुसऱ्या बादलीत खळबळून घेणे एवढ्याने यातील बरीचशी हानी टळते.

सुरक्षितता व पर्यावरण : मलमरूप मेणांतील खनिज विद्रावक ज्वालाग्राही असल्याने त्यांचा वापर हवेशीर जागी व ज्योतीपासून दूर करतात. सिरॅमिक लेपांतील द्रव्ये त्वचा व डोळे यांना दाहक असतात, म्हणून हातमोजे वापरणे आवश्यक असते. काही लेपांत पाणी व तेल दूर सारण्यासाठी फ्ल्युओरिनयुक्त संयुगे वापरली गेली आहेत. ही संयुगे निसर्गात अत्यंत सावकाश विघटन पावतात व त्यांपैकी परफ्ल्युओरोऑक्टॅनॉइक अम्लाचा समावेश २०१९ मध्ये चिरस्थायी प्रदूषकांसंबंधीच्या स्टॉकहोम करारातील बंदीच्या यादीत करण्यात आला. नैसर्गिक असूनही कार्नोबा मेण या बाबतीत सर्वस्वी निर्दोष नाही. ब्राझीलमध्ये पाने कापणाऱ्या मजुरांना गुलामगिरीसदृश परिस्थितीत राबविले जात असल्याची प्रकरणे तेथील श्रमनिरीक्षकांनी उघडकीस आणली आहेत. कमी द्रव्याचा पातळ थर, योग्य पूर्वतयारी आणि काळजीपूर्वक धुणे यांमुळे लेप देण्याची गरजच कमी पडते व रंग, पैसा आणि पाणी या तिन्हींची बचत होते.